घेवडा, राजमा खळखळून उकळा

आपल्यातले कितीतरी बचत गट शाळेची खिचडी शिजवतात, लग्नकार्यात जेवणाची ऑर्डर घेतात. म्हणून आज आम्ही राजमा-घेवड्याबद्दल बोलणार आहोत.

राजम्याचे चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले, तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडाही राजम्याच्याच जातीचा. हा त्रास होतो दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे.

लेक्टिन करतं काय? साखर म्हटलं की आपल्याला चहा आठवतो. पण आपल्या शरीरातल्या पेशींवरही वेगवेगळ्या साखरांच्या माळा असतात. आपला रक्तगट ए, बी की ओ, हे तांबड्या पेशींवरच्या माळेच्या टोकाला कोणती साखर आहे यावरच ठरतं. लेक्टिनच्या अंगावर छोटे खळगे असतात. त्यात ठरावीक साखरच बसते, मापाने शिवलेलं पोलकं अंगात बसावं तशी. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन आतड्याच्या अस्तरावरच्या साखरांना चिकटतं आणि पोट बिघडतं.

हे खळगे डोळ्यांना दिसत नाहीत. शास्त्रज्ञ प्रथिनाचे खडीसाखरेसारखे स्फटिक बनवतात, त्यांवर क्ष-किरण सोडतात आणि किरण कसे विखुरतात त्यावरून आकार शोधतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि सहकाऱ्यांनी भुईमुगाच्या लेक्टिनची रचना १९९४ मध्ये आणि फणसाच्या आठळीतल्या लेक्टिनची १९९६ मध्ये अशीच उलगडली.

लेक्टिन कामाचंही आहे बरं का. ए रक्तगटात ए-१ आणि ए-२ असे उपप्रकार असतात. ते ओळखायला रक्तपेढीत आपल्या हुलग्यातलं लेक्टिन वापरतात.

मग हुलग्याचं माडगं बाधत का नाही? कारण ते शिजवलेलं असतं. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, जसं अंड्यातलं पांढरं घट्ट होतं. खळगाच उरला नाही, तर साखर धरणार कशात? पण मंद आच पुरत नाही. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याइतका, कधी त्याहून जास्त बाधतो.

म्हणून एवढं पाळा. राजमा, घेवडा रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. ताज्या पाण्यात खळखळ उकळी आल्यावर अर्धा तास उकळू द्या. कुकरमध्ये उष्णता आणखी जास्त असते, तिथे दाणा पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. शिजला का, हे बोटाने दाबून पाहा, दाताने नको. मोड आणलेला राजमा कच्चा खाऊ नका.

त्रास झालाच तर तो बहुधा काही तासांत थांबतो. तोवर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा आणि चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा.