निवासी डॉक्टरच्या घरातला पैसा

डॉक्टर होण्याचा रस्ता बारावीनंतर सुरू होतो आणि तिशीला येऊन टेकतो. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक वर्ष, मग नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत जाणारे एखाद-दुसरे वर्ष आणि शेवटी एमडी किंवा एमएसची तीन वर्षे. हृदयरोग किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या अतिविशेष शाखेकडे जायचे असेल तर त्यावर आणखी तीन. लग्न, पहिले मूल, आईवडिलांची निवृत्ती, धाकट्या भावंडाचे शिक्षण, सगळे याच काळात येते. संसार उभा राहतो तेव्हा घरातले एक माणूस विद्यार्थी असते, बहुतेक वेळा कर्जदारही असते, आणि नातेवाइकांच्या लेखी मात्र ते 'डॉक्टर' झालेले असते. घरातली बरीचशी ओढाताण या विसंगतीतून सुरू होते.

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला, म्हणजे निवासी डॉक्टरला, पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रात ते वाढवून घेण्यासाठी 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेला वेळोवेळी संपाचे हत्यार उपसावे लागले आहे. २०२४च्या सुरुवातीला असे आंदोलन झाल्यावर राज्य सरकारने निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन महिन्याला १० हजार रुपयांनी वाढवले आणि इंटर्नचे ११ हजारांवरून १८ हजार केले. सरकारी महाविद्यालयातल्या निवासी डॉक्टरची रक्कम आज अगदीच तुटपुंजी म्हणता येणार नाही. पण ती वेळेवर येईलच याची खात्री नसते. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच जातो. खासगी महाविद्यालयांनी सरकारी महाविद्यालयांइतकेच विद्यावेतन द्यावे असा नियम आहे. तरीही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पाहणीत तिथल्या अनेक विद्यार्थ्यांनी विद्यावेतन कमी मिळते, मिळतच नाही किंवा दिलेले परत घेतले जाते, असे सांगितले. म्हणून प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये. तिथे शिकत असलेल्या दोन-तीन निवासी डॉक्टरांकडून हातात प्रत्यक्ष किती पडते आणि कधी पडते, हे विचारून घ्यावे.

अडचण आली तर जोडधंदा करावा, ही वाट इथे बंद असते. पदव्युत्तर विद्यार्थी पूर्णवेळ निवासी असतो आणि त्याला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. केंद्र सरकारच्या १९९२च्या निर्देशात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, पण प्रत्यक्षात कामाचे तास त्याच्या कितीतरी पुढे जातात. विशेषतः पहिल्या वर्षी, ज्याला सगळे नुसते 'फर्स्ट इयर' म्हणतात, घरी येणे म्हणजे बहुधा झोपायला येणे. या थकव्याचाही खर्च असतो आणि तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही. कॅन्टीनचे आणि बाहेरून मागवलेले जेवण, रात्री-अपरात्रीची रिक्षा, पाळणाघराचे वाढीव तास, घरकामाला लावलेली बाई, असे करत महिन्याअखेर मोठी रक्कम होते. हा चैनीचा खर्च नव्हे, तेव्हा त्यावरून एकमेकांना बोल लावण्यात अर्थ नाही. अंदाजपत्रकात त्याला वेगळी जागा दिली की निम्मे वाद मिटतात.

घर चालवण्याचा भार अर्थातच दुसऱ्यावर येतो. शिकणारी पत्नी असेल तर तो पतीवर, पती असेल तर पत्नीवर. बँकेत, शाळेत, आयटी कंपनीत नोकरी करणारा हा जोडीदार तीन वर्षे भाडे, किराणा आणि मुलांचे पाहतो. शिवाय सासर-माहेरच्या अपेक्षा अंगावर घेतो. गावाकडे घराचा स्लॅब पडायचा असतो, चुलतबहिणीच्या लग्नात आहेर 'डॉक्टरच्या घराला शोभेल' असा हवा असतो, कुणाच्या तरी ऑपरेशनला हातभार हवा असतो. वडिलांनी शिक्षणासाठी जमीन गहाण टाकली असेल तर नाही म्हणणे आणखी अवघड जाते. अशा वेळी संकोचाने काढलेली रक्कम बहुतेकदा क्रेडिट कार्डावरून किंवा वैयक्तिक कर्जातून येते. ते मात्र टाळावे. क्रेडिट कार्डाच्या थकलेल्या रकमेवर महिन्याला ३ ते ३.५ टक्के व्याज बसणे ही नेहमीची गोष्ट आहे. वर्षाला ते ४० टक्क्यांच्या आसपास जाते, आणि विद्यावेतनात ते फिटत नाही. आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना समोर बसवून घरात येते किती, कर्ज किती, शिक्षण कोणत्या महिन्यात संपणार, हे आकड्यांत सांगावे. आपला मुलगा किंवा सून अजून कमावती नाही हे कित्येक आईवडिलांना कुणी नीट सांगितलेलेच नसते. एकदा कळले की तेच बाहेरच्या नातेवाइकांना परस्पर उत्तर देतात.

आता शैक्षणिक कर्ज. देशातल्या बँका साधारणपणे ज्या आदर्श योजनेनुसार हे कर्ज देतात, तीत अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. विद्यार्थी विवाहित असेल तर सहकर्जदार म्हणून आईवडिलांऐवजी जोडीदार किंवा सासूसासरेही सही करू शकतात. ही सही नुसती औपचारिक नसते. कर्ज थकले तर बँक सहकर्जदाराकडेही वसुली करते आणि त्याची स्वतःची पत खराब होते. हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही. समजा, १० लाख रुपये १० टक्के दराने सुरुवातीलाच उचलले. सरळव्याजानेही चार वर्षांत ४ लाख रुपये चढतात, आणि परतफेड सुरू होते ती १४ लाखांवर. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता साधारण १८,५०० रुपये बसतो आणि एकूण २२ लाखांच्या वर रक्कम जाते. तेच व्याज शिकत असतानाच दरमहा सुमारे ८,३०० रुपये असे भरत गेल्यास पुढचा हप्ता १३,२०० रुपयांच्या आसपास राहतो आणि एकंदर सव्वादोन लाखांहून अधिक वाचतात. शिक्षणकाळात व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूदही त्या योजनेत आहे. ती आपल्या बँकेत लागू आहे का, हे शाखेत विचारावे. सगळे व्याज भरणे जमत नसेल तर निम्मे भरावे. तेही वाया जात नाही.

शैक्षणिक कर्जावर मिळणारी प्राप्तिकराची सवलत अनेक घरांत नुसती पडून राहते. बँकेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे व्याज, ते भरायला लागल्यापासून आठ वर्षांपर्यंत, उत्पन्नातून वजा होते आणि त्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. जोडीदाराच्या शिक्षणासाठी घेतलेले कर्जही यात बसते. मात्र कर्ज वजावट मागणाऱ्याच्या नावावर असावे लागते, व्याज त्यानेच भरलेले असावे लागते आणि करआकारणी जुन्या पद्धतीची निवडावी लागते. त्यामुळे कर्ज कोणाच्या नावाने घ्यायचे हे अर्ज भरतानाच ठरवलेले बरे.

पदव्युत्तर प्रवेशाच्या समुपदेशनात महाविद्यालय निवडताना शाखा आणि रुग्णसंख्या पाहिली जाते. घराचा हिशेब क्वचितच पाहिला जातो. मुंबईत जोडीदाराला नोकरी मिळते, पण परळ-शीवच्या आसपास भाडे परवडत नाही, आणि कल्याण-बदलापूरला राहावे तर निवासी डॉक्टरला रात्री बोलावणे आले की पोचता येत नाही. अंबाजोगाई किंवा मिरजेत घर स्वस्त मिळते, पण जोडीदाराची नोकरी सुटण्याची शक्यता असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला राहायची सोय देणे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमावलीनुसार महाविद्यालयावर बंधनकारक आहे आणि तिथे राहण्याची सक्ती विद्यार्थ्यावर नाही. लहान मूल नसेल तर एकाने वसतिगृहात आणि दुसऱ्याने आईवडिलांकडे राहणे, निदान पहिल्या वर्षापुरते, हा तोडगा कठीण असला तरी पैशाच्या दृष्टीने सर्वांत हलका आहे. तीन वर्षांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, तेव्हा काही काळ दोन ठिकाणचा खर्चही धरून चालावा.

मुलाचा विचार असेल तर आरोग्य विम्याकडे आधी पाहावे. बाळंतपणाचा खर्च देणाऱ्या पॉलिसींना बहुधा काही महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असतो. गरोदरपणात घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. कमावणाऱ्या जोडीदाराचा मुदत विमाही याच काळात हवा, कारण सगळे घर त्याच्या एका पगारावर उभे असते.

सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांना पुढे एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती टाळल्यास महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर १० लाख, पदव्युत्तर शिक्षणानंतर ५० लाख आणि अतिविशेष शिक्षणानंतर २ कोटी रुपये दंड आहे. ही सेवा पगारी असते आणि अनेक घरांना पहिला स्थिर पगार तिथेच दिसतो. पण अंतिम परीक्षा, निकाल आणि नियुक्तीचा आदेश यांच्यामध्ये फट पडते. विद्यावेतन बंद झालेले असते आणि पगार सुरू झालेला नसतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून थोडे थोडे बाजूला टाकून तीन महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बँकेत साठवून ठेवावेत. ज्या घरांनी हे केलेले नसते, त्यांना शिक्षण पूर्ण झाल्यावर पहिले काम करावे लागते ते नवे कर्ज काढण्याचे.