रोमन काळातले वऱ्हाड

रोमचे साम्राज्य भरात असताना वऱ्हाडावर सातवाहनांची सत्ता होती, हे अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरच्या उत्खननातील सातवाहनकालीन थरांतूनही दिसते. तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये पोटिनच्या, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या, सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला; इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला आणि कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे पुराणांच्या राजावळीत नसलेले सातवाहन राजे इतिहासाला ठाऊक झाले. वऱ्हाडाने इतिहासाला दिलेली ही फार मोठी देणगी होय. एकविसाव्या शतकात डेक्कन कॉलेजने अकोल्याशेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील भोन येथे विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला. जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येणाऱ्या या स्तूपाच्या जतनासाठी वऱ्हाडकरांनी आग्रह धरावा.