वेताळ म्हातारा का होत नाही?

डेंकालीच्या जंगलात कुणालाही विचारा, वेताळाला मरण नाही. पणजोबांनी पाहिला तोच हा, असं ते शपथेवर सांगतील. मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचणाऱ्या पोरांना मात्र आतली गोष्ट ठाऊक असायची. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. कवटीच्या गुहेत वीस वेताळ चिरनिद्रा घेताहेत. आपला नायक एकविसावा.

वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत नायकाच्या वयाचं करायचं काय, हा लेखकाला छळणारा प्रश्न. ‘गॅसोलीन अ‍ॅली’ या अमेरिकन चित्रमालिकेने सरळ घड्याळ चालू ठेवलं: १९२१ मध्ये दारात सापडलेलं तान्हं बाळ वाचकांसोबत वाढत वाढत आजोबा झालं. बहुतेकांनी घड्याळच काढून टाकलं. वेताळाचा निर्माता ली फॉक याची युक्ती या दोहोंपेक्षा देखणी. त्याने वारसाहक्कच कथेत घातला. शिवाय प्रत्येक वेताळ आपली रोजनिशी लिहून ठेवतो. फॉकला जुन्या काळातली गोष्ट हवी झाली, की गुहेतली वही उघडायची, बस्स!

आता गंमत बघा. १५३६ ते १९३६ ही चारशे वर्षं, वेताळ वीस. म्हणजे सरासरी एकेकाच्या वाट्याला वीस वर्षं. मालिका सुरू झाली १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. या हिशेबाने एव्हाना पंचविसावा गादीवर हवा. पण एकविसावा हलायलाच तयार नाही! फॉक स्वतः १९९९ मध्ये गेला, चित्रकार बदलले, ब्रिटिश अमलातला डेंकाली देश स्वतंत्र होऊन तिथे लुआगा राष्ट्राध्यक्ष झाला, वेताळाचा दंड मात्र तसाच पिळदार. जंगलातल्या भाबड्या लोकांची समजूत कागदावर अक्षरशः खरी ठरली, आणि शहाणे वाचक फसले. फॉकने मरणाची एवढी चोख व्यवस्था केली आणि ती वापरलीच नाही, हे मला त्या युक्तीपेक्षाही अद्भुत वाटतं.

वेताळाला त्याची प्रेयसी डायना पहिल्याच कथेत भेटली, लग्नाला १९७७ उजाडलं. बिचारीने एक्केचाळीस वर्षं वाट पाहिली, तीही केस पिकू न देता. पुढे जुळी झाली, किट आणि हेलॉईज. बाविसावा वेताळ व्हायचा मान किटचा. खऱ्या हिशेबाने तो आता पंचेचाळिशी ओलांडलेला बाप्या असायला हवा. चित्रांत त्याचं शिक्षण अजून चालूच आहे.