सुपरमॅन कोणत्या इयत्तेला दाखवावा?

वार्षिक परीक्षा संपल्यावर किंवा बालदिनाच्या निमित्ताने अनेक शाळांत मुलांना एखादा चित्रपट दाखवतात. पूर्वी त्यासाठी व्हीसीआर भाड्याने आणावा लागे. आता प्रोजेक्टर आणि पेन ड्राइव्ह असला की भागते. चित्रपट निवडणे मात्र सोपे झालेले नाही. मुलांना विचारावे, तर सुपरहीरोच्या चित्रपटाची मागणी होते आणि शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. ‘नुसती मारामारी, शिवाय सगळे अशास्त्रीय!’ असे काहीजण म्हणतात. ‘अहो, गंमत आहे ती. मुलांना कळते तेवढे,’ असे इतरांचे म्हणणे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण आपण कोणत्या वयाच्या मुलांबद्दल बोलतो आहोत, हे दोघेही सांगत नाहीत आणि सगळी गोम तिथेच आहे.

उदाहरणासाठी आपण १९७८ सालचा ‘सुपरमॅन’ हा अमेरिकन चित्रपट घेऊ. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि नायकाच्या भूमिकेत ख्रिस्तोफर रीव्ह. आजच्या सुपरहीरोपटांच्या मानाने तो फारच सौम्य आहे. नायक क्वचितच कोणावर हात उगारतो. त्याचा बहुतेक वेळ लोकांना वाचवण्यातच जातो. ‘यात काय आक्षेपार्ह आहे?’ असे सहज वाटावे, म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रमाणपत्र काय सांगते?

आपल्याकडे चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला केंद्रीय प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. १९८३ पासून ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ आणि ‘एस’ असे चार वर्ग होते. त्यांतल्या ‘यूए’चा अर्थ, बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा होता. २०२३ साली कायदा बदलला आणि ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. सात वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे होते.

तरीही शिक्षकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ‘यूए’ प्रमाणपत्र मुळात पालकांना उद्देशून असते. घरी मूल घाबरले तर आईच्या कुशीत शिरते. शाळेच्या सभागृहात दोनशे मुले आणि चार शिक्षक असतात. दुसरे असे की, चित्रपटात काय आहे ते प्रमाणपत्र सांगते. मूल त्यातून काय घेईल ते सांगत नाही. त्यासाठी बालमानसशास्त्राकडे वळावे लागते.

मुखवटा घातलेले मांजर

‘अशास्त्रीय’ या आक्षेपापासून सुरुवात करू. माणूस उडतो, बंदुकीची गोळी हाताने झेलतो, हे पाहून मुलांच्या विज्ञानाच्या कल्पना बिघडतील का? मारुतीने द्रोणागिरी उचलून आणल्याची गोष्ट ऐकत आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. म्हणून कोणी डोंगर उचलायला गेले नाही. मोठ्या मुलांना गोष्टीचे जग आणि रोजचे जग वेगळे ठेवता येते. लहान मुलांचे तसे नसते.

१९६९ साली ऱ्हेटा डीव्ह्रीस या संशोधिकेचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. मेनार्ड नावाचे एक शांत मांजर होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी त्याला आधी कुरवाळले. मग मांजराचा पुढचा भाग झाकून त्याच्या तोंडावर क्रूर दिसणाऱ्या कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचा भाग आणि शेपूट या सगळ्या वेळात मुलांना दिसतच होते. ‘आता हा कोणता प्राणी आहे?’ असे विचारल्यावर तीन वर्षांच्या अनेक मुलांना तो कुत्राच झाल्यासारखे वाटले. सहा वर्षांची बहुतेक मुले म्हणाली, की हे मांजरच आहे. नुसता मुखवटा घातला आहे.

सुपरहीरोच्या चित्रपटात तर जो तो मुखवटा किंवा वेश बदलत असतो! चष्मेवाला बुजरा क्लार्क केंट आणि सुपरमॅन एकच आहेत, ही गंमत पाचवीतल्या मुलाला कळते. बालवाडीतल्या मुलाच्या लेखी मात्र माणूस बदलणे हे खरेच बदलणे असू शकते.

भीती कशाची वाटते?

‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९७७ ते १९८२ या काळात गाजली. तिचा नायक एक सज्जन शास्त्रज्ञ. गॅमा किरणांच्या माऱ्यामुळे तो संतापला की हिरव्या राक्षसी देहात बदलतो आणि त्या रूपातही संकटात सापडलेल्यांना मदतच करतो. मालिका प्रौढांना निरुपद्रवी वाटे. पण लहान मुले तिला फार घाबरतात, असे पालकांच्या पाहणीत आढळले. ग्लेन स्पार्क्स आणि जोआन कँटर यांनी याचा पाठपुरावा केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की तीन ते पाच वर्षांची मुले नायकाचे रूप बदलताना आणि त्यानंतर सर्वांत जास्त घाबरतात. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती मात्र त्या वेळी कमी असते. आता हा सगळ्यांना वाचवणार, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना आधी भीती वाटते, ती नायक संकटात असताना.

म्हणजे एकाच प्रसंगाने लहान मूल घाबरते आणि मोठे सुटकेचा श्वास टाकते! लहान मूल ‘कसे दिसते’ याला घाबरते. मोठे मूल ‘काय होईल’ याला. धीर देण्याच्या पद्धतीही त्यामुळे वेगळ्या असाव्या लागतात. ‘अरे, हे खोटे आहे,’ असे सांगून लहानग्यांची भीती फारशी कमी होत नाही. त्यांना जवळ घेणे, हात धरणे, पडद्यापासून दूर नेणे याचा उपयोग होतो. आठ-नऊ वर्षांनंतर समजावून सांगितलेले उपयोगी पडू लागते.

शिकतात काय?

अनुकरणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली ७२ बालकांवर केलेला प्रयोग बऱ्याच शिक्षकांना बी.एड.च्या अभ्यासातून माहीत असेल. मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बदडलेले ज्यांनी पाहिले, त्या मुलांनी नंतर तसेच केले. १९६३ साली हेच दृश्य चित्रफितीवर दाखवले, तरी परिणाम तसाच आढळला. पुढचा, १९६५ सालचा प्रयोग आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. या वेळी बदडणाऱ्या माणसाला शेवटी बक्षीस मिळते किंवा शिक्षा होते, असे वेगवेगळ्या गटांना दाखवले. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी कमी अनुकरण केले. पण ‘त्याने काय काय केले ते करून दाखवा, खाऊ मिळेल,’ असे म्हटल्यावर सगळ्या गटांतल्या मुलांनी जवळजवळ सारखेच करून दाखवले. शिक्षा पाहून करणे थांबले होते, शिकणे थांबले नव्हते. खलनायकाला शेवटी शिक्षा होते म्हणून चित्रपट चांगला, हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. शिवाय सुपरहीरोच्या चित्रपटात मारणारा बहुधा नायकच असतो आणि त्याला टाळ्या मिळतात.

या प्रयोगांवर टीकाही झाली आहे. तसला बाहुला मुळी मारण्यासाठीच केलेला असतो आणि प्रयोगशाळेतली पंधरा-वीस मिनिटे म्हणजे आयुष्य नव्हे, हे आक्षेप रास्त आहेत. अलीकडे सेरा कॉइन आणि सहकाऱ्यांनी २४० शाळापूर्व वयाच्या मुलांची वर्षभराच्या अंतराने पाहणी केली (२०१७). सुपरहीरोचे कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या मुलांत वर्षभरानंतर आक्रमकता जास्त आढळली. दुबळ्यांच्या बाजूने उभे राहण्याचा गुण मात्र त्यांच्यात जास्त आढळला नाही. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण ‘नायक सत्प्रवृत्त आहे, म्हणजे मुले त्याची सत्प्रवृत्ती उचलतील,’ ही आपली समजूत त्यामुळे डळमळते, हे खरे. लहान मुलाला ठोसा दिसतो. ठोशामागचा हेतू त्याला शोधावा लागतो.

दुसरी बाजूही पाहू. रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावरचे एक कंटाळवाणे काम दहा मिनिटांसाठी दिले. शेजारी खेळायला एक आकर्षक उपकरणही ठेवले. काही मुलांना बॅटमॅनसारखे एखादे पात्र होण्यास सांगितले आणि मधूनमधून ‘बॅटमॅन मन लावून काम करतो आहे का?’ असे स्वतःला विचारायला लावले. ही मुले इतरांपेक्षा जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. म्हणजे सुपरहीरोकडून चिकाटीही घेता येते. पण ती आपोआप आली नाही. बॅटमॅनचा कोणता गुण घ्यायचा, हे मोठ्या माणसांनी ठरवून दिले होते. हे काम शिक्षकाचे!

आता सुपरमॅनकडे

या माहितीच्या आधारे आपला चित्रपट तपासू. सुरुवातीलाच क्रिप्टॉन ग्रहाचा स्फोट होतो. त्याआधी आईवडील तान्ह्या मुलाला यानात एकटे ठेवून पाठवून देतात आणि स्वतः मरतात. पाच वर्षांच्या मुलाला यातले खगोलशास्त्र कळणार नाही. आईपासून ताटातूट नक्की कळेल. बालवाडी ते दुसरीसाठी हा चित्रपट आम्ही सुचवणार नाही, तो मुख्यतः यासाठी. एकशे चाळीस मिनिटांहून अधिक लांबी हे दुसरे कारण.

तिसरी-चौथीच्या मुलांना एकदोन प्रसंग खटकू शकतात. माग काढत आलेल्या पोलिसाला खलनायक रेल्वेखाली ढकलतो आणि लगेच पुढे विनोदी संवाद सुरू होतात. एक माणूस मेला, त्याच्या घरच्यांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. रक्ताचा थेंब दिसत नाही, म्हणून हे दृश्य सौम्य वाटते. पण परिणाम न दाखवलेली हिंसा मुलांना हिंसेबद्दल चुकीचे शिकवते. ‘त्या पोलिसाच्या घरी त्या रात्री काय झाले असेल?’ एवढे विचारले, तरी वर्ग गंभीर होईल.

पाचवीपासून पुढे हा चित्रपट खुशाल दाखवावा. नायकाला वाढवणारे शेतकरी वडील हृदयविकाराने जातात. एवढी शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, याचे दुःख त्याला होते. शक्तीला मर्यादा असते, ही यातली सर्वांत प्रौढ गोष्ट. शेवटी मात्र भूकंपात सापडून मेलेल्या लोईस लेनसाठी तो पृथ्वीभोवती अतिवेगाने फिरतो, पृथ्वी उलटी फिरू लागते आणि वेळ मागे जाते. पृथ्वी उलटी फिरली तर काळ मागे जाईल का? घड्याळाचे काटे उलटे फिरवले तर जातो का? आणि मृत्यू रद्द करता येतो, असे दाखवल्याने आधीच्या दुःखाचे काय झाले? आठवी-नववीची मुले यावर हिरिरीने वाद घालतात.

विज्ञानाच्या तासाला आणखी एक प्रसंग घ्यावा. लोईस उंच इमारतीवरून पडते आणि सुपरमॅन तिला वरच्यावर झेलतो. ती तीन सेकंद पडली असे धरू. हवेचा विरोध सोडला आणि गुरुत्व त्वरण सेकंदाला सेकंदागणिक १० मीटर घेतले, तर ती ४५ मीटर खाली येईल आणि तिचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर असेल. सुपरमॅनच्या पोलादी हातांनी तिला एक दशांश सेकंदात थांबवले, तर ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या तीसपट होईल. जमिनीऐवजी ती हातांवर आपटली, एवढाच काय तो फरक! तिला जपायचे तर त्याने तिच्याबरोबर खाली जात पूर्ण एक सेकंदभर हळूहळू थांबवायला हवे. मग ते तीनपटच राहते. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे का नेतो, हे मुलांना आता वेगळे सांगावे लागणार नाही.

शिक्षकांनी काय करावे?

आधी चित्रपट स्वतः पूर्ण पाहावा. जाहिरात आणि ऐकीव माहिती पुरेशी नाही. पाहताना चार प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत. यात दिसायला भयंकर काय आहे? आईवडील, घर किंवा शाळा यांना धोका आहे का? मारल्यावर दुखते, माणसे जखमी होतात, हे दिसते का? आणि नायकाने ठोशाशिवाय एखादा प्रश्न सोडवला आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लहान वर्गांसाठी निर्णायक, पुढच्या दोहोंची मोठ्या वर्गांसाठी.

सगळ्या शाळेला एकत्र बसवू नये. सभागृहात मंद दिवा ठेवावा. ज्याला बाहेर जायचे आहे त्याला कोणी हसणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. छतावरून, झाडावरून उडी मारण्याचा विषय लहानांशी स्पष्ट बोलावा. पडद्यावरच्या माणसाला तारांनी टांगलेले असते, हे दाखवता आले तर उत्तमच. आणि चित्रपट संपताच घंटा देऊन मुलांना घरी पाठवू नये. अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवावा.

या अर्ध्या तासासाठी वेळापत्रकात जागा नसेल, तर त्या दिवशी चित्रपट न दाखवलेलाच बरा.