अल्पसंख्याक शाळा आणि सरकारी अनुदान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शाळेच्या पाटीवर ‘अल्पसंख्याक संस्था’ असे लिहिलेले दिसले, की आपल्या कराच्या पैशातून धर्मशिक्षण पोसले जाते, असा समज अनेकांचा होतो. या विषयावर वाद जरूर व्हावा, पण तो माहितीच्या आधारावर व्हावा. कारण यात हजारो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

गैरसमज: अनुदान ही अल्पसंख्याक शाळांना मिळणारी खास खिरापत आहे.
वस्तुस्थिती: राज्यघटनेचे कलम 30 अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. अनुदानाबाबत ते एवढेच सांगते, की संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून सरकारने दुजाभाव करू नये. अनुदान हा कोणत्याही संस्थेचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले. अल्पसंख्याकांसाठी काही स्वतंत्र योजना आहेत, पण शाळांचे नेहमीचे अनुदान मुख्यतः पगारासाठी असते. संचमान्यतेत पटावरून शिक्षकांची पदे ठरतात आणि मान्य शिक्षकाचे वेतन ‘शालार्थ’ प्रणालीतून निघते. अल्पसंख्याक नसलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या अनुदानित शाळेतही हीच रीत आहे.

गैरसमज: उर्दू शाळा म्हणजे मदरसा.
वस्तुस्थिती: उर्दू हे शिक्षणाचे माध्यम आहे. महाराष्ट्रात अनेक उर्दू शाळा जिल्हा परिषदा आणि महापालिका स्वतः चालवतात. बालभारती गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगूप्रमाणे उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. मदरशांसाठी राज्यात डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना वेगळी आहे. गणित, विज्ञान यांसारखे विषय तिथल्या मुलांपर्यंत पोहोचावेत, हा तिचा हेतू. या योजनेतील डी.एड. शिक्षकांचे मानधन 2024 मध्ये 6,000 वरून 16,000 रुपये करण्याचा निर्णय झाला.

गैरसमज: अनुदानित शाळा मुलांवर धर्मशिक्षण लादू शकते.
वस्तुस्थिती: कलम 28 यावर बंधन घालते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असले, तरी पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्या तासाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. मिशनरी शाळेतल्या हिंदू मुलाला हे संरक्षण आहे, तसेच हिंदू संस्थेच्या शाळेतल्या मुस्लिम मुलालाही.

गैरसमज: सरकार या शाळांना जाबच विचारू शकत नाही.
वस्तुस्थिती: संस्था चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच मांडली. शिक्षकांची पात्रता, हिशेब, दर्जा यांचे वाजवी नियम लागू होतात. काही सवलती मात्र खऱ्या आहेत. खासगी शाळा कर्मचारी कायदा, 1977 या शाळांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक देतो. शिक्षण हक्क कायदाही 2014 च्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांना लागू राहिला नाही. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची शिफारस केली.

गैरसमज: अल्पसंख्याक म्हणजे मुस्लिम आणि ख्रिस्ती.
वस्तुस्थिती: शीख, बौद्ध, पारशी आणि 2014 पासून जैनही केंद्राच्या यादीत आहेत. शिवाय भाषिक अल्पसंख्याक आहेत. कोण अल्पसंख्याक हे राज्यनिहाय ठरते, असे 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने सांगितले. त्यामुळे मुंबईतल्या गुजरातींना जे कलम 30 लागू होते, तेच बेळगावातल्या मराठी भाषकांनाही.

सवलती किती असाव्यात, यावर मतभेद असू शकतात. पण अनुदानित शाळा कोणाचीही असो, तिला विचारायचे प्रश्न एकच आहेत: पट खरा आहे का, मंजूर पदे भरली आहेत का आणि मुले शिकत आहेत का? संस्थाचालकांचा धर्म पाहून यातला एकही प्रश्न सुटत नाही.