हिरड्यांना कुठलं ऊन?
थकवा, घटतं वजन, उठताना चक्कर. अ‍ॅडिसन आजाराची सुरुवात इतकी साधी, की आधी टॉनिक मिळतं, मग ‘टेन्शन घेऊ नका’. खरी खूण त्वचेवर: तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, नवे व्रण, हिरड्याही काळवंडतात. घरचे उन्हाला दोष देतात. हिरड्यांना कुठलं ऊन लागतं? नुसतं मीठ खावंसं वाटतं, कारण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरकं आटल्याने सोडियम लघवीवाटे निघून जातं. लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५मध्ये आजाराचं वर्णन केलं, तेव्हा क्षय हे मोठं कारण होतं. भारतात आजही तो विसरून चालत नाही. पहिली तपासणी सकाळी ८च्या सुमारास, रक्तातल्या कॉर्टिसॉलची. आटलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या मात्र जन्मभर, आणि ताप आला की डॉक्टरांच्या सल्ल्याने जास्त.