हवेवर उभी राहणारी गाडी

पोलादी स्प्रिंग नेमकी बसते ती एकाच वजनाला. एसयूव्हीचं वजन मात्र रोज बदलतं. सोमवारी एकटा माणूस ऑफिसला जातो, शनिवारी त्याच गाडीत घरची सगळी मंडळी, डिकीत बॅगा आणि टपावर आणखी सामान. स्प्रिंग एकट्यासाठी मऊ ठेवली तर भरलेली गाडी मागून बसते, हेडलाइट आभाळाकडे पाहतात आणि खड्ड्यात सस्पेन्शन खाली आपटतं. भरलेल्या गाडीसाठी कडक केली तर रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर उडते.

हवेच्या स्प्रिंगने हा पेच सोडवला. रबराच्या जाड फुग्यात हवा कोंडायची, वजन वाढलं की थोडी आणखी भरायची. आतला दाब वाढतो आणि स्प्रिंगचा ताठरपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडीची उंची तीच राहते आणि डोलण्याची लयही फारशी बदलत नाही. मराठी प्रवाशाला हे सुख ओळखीचं आहे. दादर-पुणे शिवनेरीच्या व्होल्वो बस हवेवरच धावल्या. मुंबईत 2007 पासून आलेल्या सीमेन्सच्या लोकल गाड्यांच्या डब्यांखालीही हवेच्या स्प्रिंगा आहेत. डबा रिकामा असो की खच्चून भरलेला, त्याची जमीन फलाटाच्या मानाने फार खालीवर होऊ नये, हे काम त्या करतात.

एसयूव्हीत ही कल्पना रुजवली लँड रोव्हरने. 1970 ची पहिली रेंज रोव्हर लांब चालीच्या कॉइल स्प्रिंगांवर उभी होती आणि मागच्या ॲक्सलला बोगे कंपनीचा, ओझं पडलं की गाडी पुन्हा उचलणारा एक दांडा होता. म्हणजे उंची राखण्याचा विचार पहिल्या दिवसापासून होता. 1992 मध्ये त्याच गाडीच्या लांब चासीच्या एलएसई मॉडेलला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन मिळालं. 1994 मध्ये दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर आली. सॉलिहलच्या कारखान्यातल्या 38-ए क्रमांकाच्या इमारतीवरून तिला पी-38-ए म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांना हवेच्या स्प्रिंगा होत्या. नंतरच्या गाड्यांत ही यंत्रणा अधिक हुशार झाली, पण तिचं मूळ रूप समजून घ्यायचं तर पी-38-ए इतकी स्पष्ट गाडी दुसरी नाही. सगळं उघडून पाहता येतं, आणि बिघडतंही अगदी शिकवून जाणाऱ्या क्रमाने.

बॉनेट उघडून काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीचं झाकण काढलं की विजेवर चालणारा एक लहानसा कंप्रेसर दिसतो. त्यात तेल नसतं. पिस्टनवरच्या सीलवरच त्याची सगळी भिस्त. कंप्रेसरमधून निघालेली हवा ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या ड्रायरमधून जाते आणि चासीवरच्या टाकीत साधारण 10 बार दाबाने साठते. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी. टाकीतली हवा व्हॉल्व ब्लॉकमध्ये येते. तिथून प्रत्येक चाकाकडे 6 मिलिमीटरचा एकेक नायलॉन पाइप जातो. चाकाजवळचा सेन्सर चासी किती उंचीवर आहे ते सांगतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार व्हॉल्व उघडतो, मिटतो.

या मांडणीतून चालकाला खूप काही मिळतं. ताशी 80 किलोमीटरच्या वर काही वेळ गाडी चालली की ती आपोआप 25 मिलिमीटर खाली येते आणि रस्ता घट्ट धरते. कच्च्या वाटेसाठी बटण दाबलं की 40 मिलिमीटर वर जाते. वयस्कर माणसाला चढता यावं म्हणून दारापाशी नम्रपणे खाली बसते. ही सगळी सोय रबर, नायलॉन आणि बोटाच्या पेराएवढ्या ओरिंगांवर, म्हणजे रबराच्या गोल सीलांवर, टिकलेली असते. वय त्यांनाच आधी गाठतं.

बिघाडाची कहाणी बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. कुठेतरी हवा झिरपू लागते. उंची कमी झाल्याचं सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर हवा भरायला लावतो. टाकी रिकामी होते, कंप्रेसर सुरू होतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. आता त्याला उसंतच मिळत नाही. तो तापतो, सील झिजतं, दाब तयार होईनासा होतो. अखेर काचेसमोर इशारा येतो आणि गाडी खाली बसते. मालक गॅरेजमध्ये जातो, कंप्रेसर मेल्याचं निदान होतं, महागडा नवा कंप्रेसर बसतो. काही महिन्यांत तोही जातो. ताप म्हणजे रोग नव्हे, हे आपण डॉक्टरकडून शिकलो आहोत; मेलेल्या कंप्रेसरचंही तसंच आहे. या यंत्रणेत जो भाग मरतो तो सहसा दोषी नसतो. दोषी दुसरीकडेच, काही रुपयांच्या ओरिंगमध्ये किंवा रबराच्या एका घडीत दडलेला असतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात पान्याने करू नये, मोजपट्टीने करावी. संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करायची. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून लिहून ठेवायचं. सकाळी पुन्हा मोजायचं. इथे एक मोठा चकवा आहे. गाडी बंद असतानाही हिचा कॉम्प्युटर काही तासांनी जागा होतो, चारही कोपरे तपासतो आणि जो सर्वांत खाली आहे त्याच्या पातळीला बाकीचे तीनही आणतो. गाडी वाकडी दिसू नये म्हणून केलेली ही सोय. पण तिच्यामुळे एका फुग्याची गळती चारही चाकांच्या गळतीसारखी दिसते आणि मिस्त्रीचा संशय भलत्याच जागी जातो. पी-38-ए मध्ये सीटखालचा टायमर रिले काढून ठेवला की हा जागता पहारा थांबतो. मग सकाळी जो कोपरा बसलेला असेल, तो खरं बोलतो.

एकच कोपरा बसला तर त्या चाकाचा फुगा, त्याचा पाइप किंवा ब्लॉकमधला त्याचा व्हॉल्व, एवढ्यातच शोध घ्यायचा. चारही कोपऱ्यांची उंची जशीच्या तशी राहिली, पण सकाळी गाडी चालू केल्यावर कंप्रेसर फार वेळ घरघरत राहिला, तर टाकीकडच्या बाजूला पाहायचं. आणि उंची स्थिर आहे, हवा भरपूर आहे, तरी गाडी अधूनमधून इशारा देते, असं असेल तर सेन्सरवर संशय घ्यावा. आतला संपर्क एकाच पट्टीवर घासत असतो. गाडी बहुतांश वेळ नेहमीच्या उंचीवर चालते, म्हणून पट्टी नेमकी तिथेच झिजते. वर किंवा खाली केल्यावर तोच सेन्सर शहाण्यासारखा वागतो.

यानंतर साबणाचं पाणी. भांड्यांचा साबण पाण्यात कालवून पाइपच्या प्रत्येक जोडावर, व्हॉल्व ब्लॉकवर आणि फुग्याच्या घडीवर लावायचं. फुगा तपासताना गाडी उंच पातळीवर न्यावी. फुग्याचं रबर त्याच्या खालच्या पिस्टनवर घडी घालत उलगडतं आणि भेगा त्या घडीच्या रेषेवरच पडतात. नेहमीच्या उंचीला ही रेषा आत दुमडलेली असते, वर गेल्यावर ती उजेडात येते. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या की त्या ॲक्सलचे दोन्ही फुगे एकदम बदलावेत. दोघांचं वय एकच असतं, दुसराही मागोमाग जातोच.

जोडापाशी बुडबुडे आले तर बऱ्याचदा नवा भाग लागतही नाही. आतली हवा आधी पूर्ण सोडायची, जोडाची कडी दाबून पाइप ओढून काढायचा आणि त्याचं टोक बोटांनी चाचपायचं. कडीच्या दातांनी पाइपवर बारीक ओरखडे उठलेले असतात. ओरिंग त्या ओरखड्यांवर बसते आणि हवा तिथूनच वाट काढते. धारदार पात्याने टोक अगदी काटकोनात थोडंसं कापायचं आणि पाइप पुन्हा तळापर्यंत बसवायचा. व्हॉल्व ब्लॉकचं कामही धीराने घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेल्या ओरिंगा काढून नव्या घालायच्या, इतकंच. ब्लॉकमध्ये पांढरी भुकटी सापडली तर ड्रायरमधले दाणे फुटून पुढे वाहत आलेत, हे ओळखावं आणि ड्रायरचंही काम करून घ्यावं.

आपल्या हवामानात ड्रायरकडे विशेष लक्ष हवं. गाडी खाली बसताना बाहेर जाणारी कोरडी हवा ड्रायरमधूनच जाते आणि दाण्यांतली ओल सोबत नेते, अशी त्याची रचना. पण गळतीमुळे कंप्रेसर सतत बाहेरची दमट हवा आत ओढत राहिला, तर दाण्यांना सुकायला फुरसत मिळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हे फार लवकर होऊ शकतं. दाब पूर्ण सोडल्यावर टाकीचा ड्रेन प्लग काढून पाहावा. आत पाणी निघालं, तर ड्रायर कामातून गेला.

एका बाबतीत कुणीही धाडस करू नये. हवेवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. एक जोड सुटला तर दोन टनांची गाडी क्षणात खाली येते. आधी यंत्रणेला उंची बदलण्यापासून थांबवायचं. पी-38-ए चं दार उघडं असलं की तिची हालचाल थांबते, पण तेवढ्यावर विसंबू नये. चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

कंटाळलेले अनेक मालक हवेची सगळी यंत्रणा काढून कॉइल स्प्रिंगा बसवतात. जिथे सुटे भाग मिळत नाहीत किंवा जाणता हात नाही, तिथे तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याबरोबर ओझ्याखालीही समतोल राहणारी, रस्ता ओळखून उंची बदलणारी गाडी कायमची जाते. ती गमावण्याआधी एक रात्र मोजपट्टी आणि एक दुपार साबणाचं पाणी, एवढी संधी तिला मिळायला हवी. जुन्या रेंज रोव्हरच्या चाहत्यांनी हा धीर दाखवला आहे. बिघाड दिसल्यावर कॉम्प्युटरने कुलूप घातलेली यंत्रणा पूर्वी फक्त डीलरच्या उपकरणाने मोकळी व्हायची. चाहत्यांपैकी एकाने त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि सर्वांना फुकट दिलं. एका बिघाडखोर यंत्रणेला तिच्या चाहत्यांनीच जिवंत ठेवलं.

हे ज्ञान आता आपल्या दारात लागणार आहे. लँड रोव्हर 2008 पासून टाटांची आहे आणि 2024 मध्ये रेंज रोव्हरची जुळणी सॉलिहलबाहेर प्रथमच पुण्यात करण्याचं जाहीर झालं. हवेवर चालणाऱ्या इतर कंपन्यांच्या एसयूव्हीही आपल्या शहरांत रोज दिसतात. वॉरंटी संपली की यातल्या कितीतरी गाड्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येतील. त्यांच्या यंत्रणा पी-38-ए पेक्षा नव्या आहेत, पण हवा निसटायच्या वाटा त्याच आहेत. म्हणून कंप्रेसर बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला मालकाने आधी एवढंच विचारावं: हवा कुठून जाते ते सापडलं का? सापडलं नसेल, तर नवा कंप्रेसरही जुन्याच वाटेने जाईल.